फणसातले छर्रे

"मैं हूँ साब, मैं! वानर नहीं है! मैं हूँ!"

बाग राखायला ठेवलेला गुरखा आंब्याच्या कलमाच्या शेंड्यावरून ओरडत होता. त्या ओरडण्याने रत्नागिरीपासून पावसपर्यंतचे सगळे तयार आंबे देठ सोडून खाली आले, असं मी पुढे कितीतरी वर्षं लोकांना सांगत असे. ते खरं नाही. पण आमच्या आवारातला एकही कावळा त्या दिवशी परत आला नाही, हे मात्र अगदी खरं आहे.

खाली माझे घरमालक उभे होते. पंचा नेसलेले, अंगात बंडी, आणि खांद्याला आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक. नळी सरळ गुरख्याच्या छातीवर. गुरख्याच्या एका हातात झेला होता, म्हणजे आंबे उतरवायची जाळी लावलेली काठी, आणि दुसऱ्या हाताने त्याने फांदीला जी मिठी मारली होती तशी कुणी देवाच्या पायांनाही मारत नाही.

मी अर्धी दाढी केलेला, अर्ध्या गालावर साबण, असा धावत आलो आणि धावायचं मधेच थांबलो. शूर माणसं धावत राहतात. मी सुपारीच्या झाडामागे उभा राहिलो. सुपारीचं झाड केवढं आणि मी केवढा, पण भीतीने माणूस बारीक होतो हे मला त्या दिवशी समजलं.

वहिनी, म्हणजे घरमालकांच्या पत्नी, पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्या ओरडल्या नाहीत. धार काढताना गाईशी बोलतात तशा आवाजात म्हणाल्या, "अहो, तो आपला गुरखा आहे."

भाऊंनी मान वळवली नाही. सारी वाडी त्यांना भाऊ म्हणायची, मीही म्हणायचो.

"दिसतोय मला," भाऊ म्हणाले. "गुरखाच आहे तो. आंबा खातोय."

आवाजात राग नव्हता. राग असता तर आम्हाला बरं वाटलं असतं, कारण भाऊंचा राग आमच्या ओळखीचा होता. आज भरती किती वाजता आहे ते सांगावं, तसं त्यांनी सांगितलं.

मग काय झालं कोण जाणे, त्यांनी नळी खाली घेतली. भरलेली बंदूक घरात न्यायची नाही हा त्यांचा जुना नियम. म्हणून ते चार पावलं बाजूला गेले, फणसाच्या झाडाकडे नळी केली आणि बार काढला. खांबासारख्या बुंध्याला लगडलेला एक मोठा फणस हादरला, आणि त्याच्या अंगातून ठिकठिकाणी पांढरा चीक ओघळायला लागला. भाऊंनी बंदूक पुसली आणि वहिनींना म्हणाले, "शिरा कर गो. साखर जास्त घाल."

वहिनी फणसापाशी गेल्या. भोकांवरून त्यांनी बोट फिरवलं. "बंदुकीत छर्रे कधीपासून घालता?" त्यांनी विचारलं. भाऊ तोवर आत गेले होते.

गुरखा झाडावरून उतरला तो थेट नेपाळातच उतरला. त्याचा झेला, त्याची शिट्टी आणि त्याची पितळी थाळी आमच्याकडेच राहिली.

ह्यात भिण्यासारखं काय होतं ते कळायला भाऊ आधी कसे होते ते कळायला हवं. पुण्याच्या लोकांना आपल्या पाट्यांचा फार अभिमान असतो. त्यांनी भाऊंची पाटी पाहिलेली नसते. चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, फाटकाशेजारी, भाऊंनी स्वतःच्या हाताने रंगवून ठेवलं होतं: 'आत येऊ नये. आल्यास कारण सांगू नये.' मी रत्नागिरीला एका सरकारी कचेरीत बदलून आलो आणि खोली शोधत शोधत ह्या पाटीपाशी पोचलो. आत गेलो आणि कारण सांगितलं नाही. भाऊंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, तीन आंबे हातात दिले आणि विचारलं, "ह्यातला समुद्राकडच्या अंगाचा कुठला?" मी सपशेल चुकीचा आंबा दाखवला. "गाढव आहात, पण प्रामाणिक दिसता," असं म्हणून त्यांनी मागच्या दोन खोल्या दिल्या.

बागेतल्या प्रत्येक कलमाला त्यांनी ज्यांच्याशी भांडण झालं त्या नातेवाइकांची नावं दिली होती. त्यामुळे कुठलंच कलम बिननावाचं नव्हतं. मोहर गळला की भाऊ झाडाखाली उभे राहून त्या चुलत्याला किंवा मेव्हण्याला असे काही फैलावर घ्यायचे की दुसऱ्या वर्षी झाड लाजेने वाकायचं. गोडाचा त्यांना तिटकारा. चहा बिनसाखरेचा, प्रसादाचा पेढा कपाळाला लावून मुंग्यांच्या स्वाधीन. "साखर खाणारा माणूस साक्ष फिरवतो," असं ते कोर्टाच्या दीर्घ अनुभवावरून सांगत.

आणि बंदूक. शेतीच्या संरक्षणासाठी परवाना मिळालेली, नळी माझ्या आजीपेक्षा लांब. वानरांचा कळप बागेत शिरला की भाऊ गडग्यावर चढत, नळीत दारू आणि काथ्या ठासत आणि आकाशात बार काढत. नुसता आवाज. त्या बंदुकीने इतक्या वर्षांत एक वानर दगावलं नाही. उलट बार ऐकून जेवायची वेळ झाली असं समजून पलीकडच्या वाडीतली वानरंसुद्धा येत, असा माझा अंदाज होता. मी एकदा म्हटलं, भाऊ, दोन छर्रे घाला की. त्यांनी असं बघितलं की मी खोली सोडून जायच्या तयारीला लागलो.

"तुमच्या बायकोच्या पोटाला पोर बिलगलेलं असताना कोणी तुमच्यावर छर्रे झाडले तर?" ते म्हणाले. "छर्रा घालायचा नाही. वानर लेकुरवाळं असतं."

मला विषमज्वर झाला तेव्हा हा माणूस दोन्ही वेळ दाराशी उभा. हातात पेजेचा वाडगा, वर मेतकूट. "मरायचं असेल तर करारात लिहिल्याप्रमाणे आधी नोटीस द्यायची," असं खेकसून वाडगा ठेवायचे, आणि मी तो रिकामा करीपर्यंत दाराबाहेर पाठमोरे बसून राहायचे. तिरसटपणाच्या आत एक माणूस बसलेला होता आणि तो आत आहे ह्याची आम्हा सगळ्यांना खात्री होती. म्हणूनच तिरसटपणा गोड लागायचा.

तो आतला माणूस कधी उठून गेला ते कुणाला कळलं नाही. कारण बाहेरची पाटी तीच राहिली.

नेमकी सुरुवात मी सांगू शकणार नाही. रेल्वे नवीनच सुरू झाली होती त्या सुमाराची गोष्ट. भाऊ पन्नाशी ओलांडून थोडे पुढे गेले होते. एक दिवस त्यांनी माझ्या चहाच्या कपातलं उरलेलं साखरेचं पाणी उचलून पिऊन टाकलं. मी ते कचेरीत रंगवून सांगितलं आणि कचेरी हसली. मग ते रोज ठरलेल्या वेळी नाक्यावरच्या दुकानात जाऊन लिमलेटच्या गोळ्यांच्या बरणीत हात घालू लागले. विचारायचं नाही, सांगायचं नाही, मूठ भरायची आणि निघायचं. दुकानदार म्हणाला, भाऊच ते. वाडी म्हणाली, भाऊच ते. दुसऱ्या कोणी केलं असतं तर बोंब झाली असती. पण भाऊंनी आयुष्यभर इतक्या तऱ्हा केल्या होत्या की त्यात आणखी एक सहज खपून जायची.

मग त्यांचे जिवलग मित्र गेले. शेजारच्याच घरातले. रोज दुपारी दोघं पडवीत पत्ते खेळायचे, रोज भांडायचे, रोज पुन्हा बसायचे. भाऊ तेराव्याला गेले, पानावर बसले, आणि मित्राच्या बायकोला पंगतीत सगळ्यांसमक्ष म्हणाले, "गेला ते बरंच झालं. तुझ्या हातचं जेवण त्याच्यावर फुकट जात होतं. जिलबी आण आणखी." ती बिचारी हातातल्या ताटासकट जागेवरच थिजली. पंगत खाली माना घालून खुसुखुसू हसली. घरी परत येताना सगळे तेच वाक्य एकमेकांना ऐकवत होते. मी तर त्याला आणखी दोन वाक्यं जोडली.

वहिनी हसल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी धुणं वाळत घालताना त्या मला म्हणाल्या, "भावोजी, ह्यांच्या डोळ्यांत पाणी नाही आलं." मी म्हटलं, भाऊ काय रडणारे आहेत काय. तेव्हा त्या म्हणाल्या, "वासरू मेलं तेव्हा गोठ्यात जाऊन रडायचे ते. मी बघितलंय."

वहिनी त्यांना रत्नागिरीत डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. बरोबर मी होतो. डॉक्टरांनी आज वार कुठला, पंतप्रधान कोण, शंभरातून सात गेले किती, असं सगळं विचारलं. भाऊंनी पंतप्रधानांपासून तलाठ्यापर्यंत सगळी सरकारी उतरंड म्हणून दाखवली. बागेतली कलमं ओळीने सांगितली, कुठल्या कलमाची फांदी कुठल्या वादळात मोडली ते सांगितलं. वर डॉक्टरांच्या वडिलांच्या लग्नात पंगतीला आमटी खारट झाली होती हेही सांगितलं. डॉक्टर खूश. "ह्यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा तल्लख आहे, वहिनी," ते म्हणाले. "काळजीने तुमचीच तब्येत उतरलीय. तुम्हीच जरा झोपेची गोळी घेत जा."

म्हातारपणी डोकं जातं म्हणजे माणूस विसरायला लागतो, एवढंच आम्हा सगळ्यांना ठाऊक. नाव विसरतो, घर विसरतो, जेवलो की नाही ते विसरतो. भाऊ तर काहीच विसरत नव्हते. मग डोकं गेलं म्हणायचं कशाला? त्यापेक्षा बाकीची कारणं जास्त सोपी होती. कोणी म्हणालं, जागेच्या राखणदार देवाचा मान चुकलाय, नारळ द्या. वहिनींनी नारळ दिला. कोणी म्हणालं, देवळात गाऱ्हाणं घाला. घातलं. भाऊंच्या बहिणीने येऊन दोन दिवस मुक्काम केला आणि जाताना सांगितलं, तुम्हीच काहीतरी टोचून बोलत असाल, पुरुषमाणूस उगाच असा होत नाही. ते मात्र वहिनींनी आत खोल कुठेतरी ठेवलं आणि पुन्हा काढलं नाही.

आणि मग ती सकाळ आली, गुरख्याची.

त्यानंतर वाडीत कोणी भाऊंचे किस्से सांगेनासं झालं. मी माझ्या बायकोला चिपळूणला माहेरी पोचवून आलो. आवारातून जाताना प्रत्येकजण लांबूनच ओरडायचा, मी आहे हो भाऊ, मी. दूधवाला ओरडायचा, पोस्टमन ओरडायचा, मी तर खोकतानाही 'मी' म्हणून खोकायचो. पण चालता चालता लक्षात यायचं: ओळख देऊन काय उपयोग? गुरख्याची ओळख तर त्यांना पटलेलीच होती.

रागीट माणसाला शांत करता येतं, पिणाऱ्या माणसाची उतरायची वाट बघता येते. ह्यांच्या बाबतीत कशाची वाट बघायची तेच कळत नव्हतं. ते आमच्यावर चिडले नव्हते. रोज दुपारी जेवण झालं की पडवीत बसत, बंदूक मांडीवर घेत, नळीला तेल देत, आणि समोरून जो जाईल त्याच्याकडे बघत. आपण मांजराकडे बघतो तसं. वहिनी त्यांच्या पाठीमागे दारात तांदूळ निवडत बसायच्या. एकच सूप तांदूळ त्या दुपारभर निवडायच्या. त्यात खडा एकही नसायचा.

आम्ही बंदूक लपवायचा प्रयत्न केला. मी ती पेंढ्याच्या गंजीत अशी खुपसली की मलाच नंतर सापडली नसती. संध्याकाळी बघतो तर खुंटीवर. भाऊंनी कोणाला विचारलं नाही, ओरडले नाहीत, जाऊन घेऊन आले. मग वहिनींनी दारूच्या डब्यात कोळशाची पूड मिसळली. भाऊंनी चाप ओढला, नुसतं फुस्स झालं. त्यांनी चिमूटभर दारू तळहातावर घेऊन वास घेतला, डबा गडग्याबाहेर ओतला आणि बाजारातून नवीन आणली. वहिनींनी ताट वाढलं. भाऊ शांतपणे जेवले. "ह्या दारूत कोळसा कोणी घातला?" एवढं तरी त्यांनी विचारावं म्हणून आम्ही दोघं जीव मुठीत धरून बसलो होतो. ते विचारतच नव्हते. पावसाळ्यात दारू सर्द होईल ह्या आशेवर मी होतो, तर त्यांनी डबा उबेला म्हणून चुलीशेजारच्या फडताळात ठेवून दिला. मी त्या पावसाळ्यात स्वयंपाकघराकडच्या भिंतीला कधी टेकून बसलो नाही.

सुटका केली ती निवडणुकीने. निवडणूक लागली की परवान्याच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि निकाल लागला की परत मिळतात. आमच्याकडे हा एक सोहळाच असतो. तालुक्यातले बागायतदार आपापली हत्यारं धोतरात, गोधडीत, एकजण तर बायकोच्या शालूत गुंडाळून घेऊन येतात, आणि ठाण्याच्या अंगणात असं दृश्य दिसतं की जणू पेशव्यांची फौज शरण आली. भाऊ दरवेळी सर्वांत आधी हजर. नियम म्हणजे नियम. आणि नियमांच्या बाबतीत भाऊ आता पूर्वीपेक्षाही कडक झाले होते. जेवणाची वेळ, फिरण्याचा रस्ता, गोळ्यांची बरणी, ह्यात तसूभर फरक चालत नसे. निवडणूक जाहीर झाली त्याच दिवशी त्यांनी बंदूक जुन्या धोतरात गुंडाळली आणि एस.टी.त बसले.

त्या रात्री आवारात सगळेजण झोपले.

दुसऱ्या दिवशी वहिनी आणि मी फौजदारांकडे गेलो. म्हटलं, साहेब, निकालानंतर ही बंदूक परत देऊ नका. फौजदार सज्जन होते. म्हणाले, पटतंय, पण डॉक्टरांचा दाखला आणा. नवऱ्याला बंदूक देऊ नका असं तोंडी सांगितलेलं ऐकायला लागलो तर उद्या निम्म्या तालुक्यातल्या बायका इथे रांग लावतील. इथल्या डॉक्टरांकडे कशाला जायचं, ते भाऊंच्या स्मरणशक्तीवर आधीच लुब्ध झाले होते. मतमोजणी होईपर्यंतच काय ती मुदत. वहिनींच्या मामेभावाने मुंबईतल्या एका मेंदूच्या डॉक्टरीणबाईंची वेळ मिळवली.

भाऊंना मुंबईला न्यायला काही लागलं नाही. गाडीत मुगाचे लाडू आहेत एवढं सांगितलं.

डॉक्टरीणबाई बारीक अंगाच्या, आवाज त्याहून बारीक. त्यांनी भाऊंना वार विचारला नाही. त्यांनी वहिनींनाच समोर बसवलं आणि विचारलं, तुम्हाला बरं नसलं की हे पूर्वी काय करायचे? वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, रागवायचे आणि पाय चेपायचे. आणि आता? आता जेवण कधी होणार ते विचारतात.

भाऊंच्या डोक्याचे फोटो काढले. बाईंनी ते उजेडावर लावून दाखवले. कपाळाच्या मागचा भाग आणि कानांच्या बाजूचा भाग अक्रोडासारखा आक्रसलेला होता. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, त्या म्हणाल्या. मी ते नाव तीनदा विचारून घेतलं, कारण माझी जीभ अर्ध्या वाटेत बसत होती.

"सगळे आठवणीचीच परीक्षा घेतात," बाई म्हणाल्या. "ह्या आजारात आठवण पुष्कळ दिवस शाबूत राहू शकते. आधी जातं ते दुसऱ्याचं दुखणं कळणं. आवर जातो, लाज जाते, गोडाची हाव येते, तेच ते करत राहावंसं वाटतं. आणि आपल्यात काही बदललंय हे त्या माणसाला स्वतःला कळत नाही. पन्नाशीत होतो, त्याच्या आधीही होतो. घरच्यांना वाटतं स्वभाव बिघडला."

मी म्हटलं, अहो पण ह्यांचा स्वभाव मुळातच तसा. बाई म्हणाल्या, म्हणून तर तुमच्याकडे इतका उशीर झाला.

औषधाने हे मागे फिरत नाही, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. वाद घालू नका, रागावू नका, दिवसाचा क्रम मोडू नका, गोड कुलपात ठेवा. शेजाऱ्यांना, दुकानदाराला आजाराचं नाव सांगून ठेवा. वहिनींना आठवड्यातून थोडा तरी वेळ कोणीतरी सुट्टी द्या, नाहीतर दोन पेशंट होतील. हे लोक वैरी नसतात, त्या म्हणाल्या, पण धोक्याचं भान राहत नाही. बंदूक त्या घरात पुन्हा जाता कामा नये. दाखला त्यांनी लगेच लिहून दिला.

उठता उठता वहिनींनी विचारलं, "म्हणजे मी त्यांना नकोशी झाले, असं नाही ना?"

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "नाही," त्या म्हणाल्या. "हवं-नको वाटायची जागाच आजारी पडलीय."

येताना गाडीत भाऊंनी शेजारच्या गृहस्थांच्या डब्यात हात घालून करंजी उचलली. गृहस्थ भडकणार तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "माफ करा, ह्यांना मेंदूचा आजार आहे." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी ते वाक्य उच्चारलं. गृहस्थांनी डबा पूर्ण उघडून भाऊंच्या पुढे धरला. चिपळूण यायच्या आत त्यांनी तो रिकामा केला, आणि त्यातल्या कितव्या करंजीत सारण कमी होतं तेही गृहस्थांना सांगितलं.

निकाल लागला. बंदुका परत द्यायच्या दिवशी भाऊ अंघोळ करून, धुतलेला पंचा नेसून पहिल्या एस.टी.ने निघाले. आम्ही दोघं त्यांच्यामागे. दाखला फौजदारांकडे आदल्या दिवशीच पोचला होता. पण कागद पोचला म्हणून माणूस तयार होतो असं नाही. ठाण्याच्या अंगणात तालुक्यातले बागायतदार जमले होते, बाकांवर बंदुका ओळीने मांडल्या होत्या, आणि रांगेत पहिले भाऊ. हात लांब केला तर कुठलीही बंदूक हातात येईल इतक्या जवळ. फौजदारांनी टोपी काढून पुन्हा घातली ते मला खांबामागून दिसलं. होय, मी खांबामागे होतो. ह्या खेपेला खांब तरी रुंद होता.

रांगेतले लोक दोन पावलं मागे सरकले. सगळ्यांना जुने भाऊ माहीत होते. गडग्याचे चार चिरे शेजाऱ्याने हलवले म्हणून ह्या माणसाने कोर्टाचे उंबरे झिजवले होते. आजोबांची बंदूक सरकारने ठेवून घेतली म्हटल्यावर तो काय करणार नव्हता? मी डोळे मिटून घेतले, आणि मिटलेले डोळे जरासे उघडे ठेवले.

"भाऊ," फौजदार म्हणाले, "तुमची बंदूक आता परत मिळायची नाही. परवाना रद्द झालाय."

भाऊंनी त्यांच्याकडे बघितलं. मग बाकावरच्या आपल्या बंदुकीकडे बघितलं. मग फौजदारांच्या टेबलावर.

"हे पेढे कोणाचे?" त्यांनी विचारलं.

फौजदार चाचरत म्हणाले, निवडून आलेल्यांकडून आलेत.

भाऊंनी एक पेढा तोंडात टाकला, मग दुसरा, मग खोकाच काखेत मारला आणि वळून चालायला लागले. आजोबांच्या बंदुकीकडे त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. रांगेतला कोणीतरी सुटकेने हसला, आणि त्याचं बघून आणखी दोघं हसले. वहिनी मात्र ठाण्याच्या भिंतीला हात टेकून रडत होत्या. दवाखान्यात त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. भाऊ भांडले नाहीत म्हणून त्या रडत होत्या. भाऊ भांडले असते तर फौजदारांचं काय झालं असतं कोण जाणे, पण त्या रडल्या नसत्या.

एस.टी.च्या थांब्यावर भाऊ कठड्यावर बसून पेढे संपवत होते. ऊन चढलं होतं. माझ्या अंगातली भीती आता कुठे उतरत होती, आणि भीती उतरली की मला बडबड सुटते. मी वहिनींना म्हटलं, की सुटलात तुम्ही. आता गुरखा परत बोलवा, मी बायकोला आणतो, आणि दुपारचे तांदूळ एकदाच निवडत जा. आता ह्या माणसाची भीती धरायचं काही कारण राहिलं नाही.

त्या पदराने भाऊंच्या बंडीवरचे पेढ्याचे कण झाडत होत्या. हात वर झाला तेव्हा त्यांचं कोपर दिसलं. सालटं निघालेलं होतं आणि वर हळद भरलेली.

मी विचारलं, हे काय झालं?

"काल विहिरीच्या पायऱ्यांवरून पडले," वहिनी म्हणाल्या. "उठता येईना. हे तिथेच वरच्या पायरीवर उभे होते. बघत होते."

"मग?"

"मग माझी मीच उठले."